रुळांची रुंदी आणि अवजारांची सोयरीक

आमच्या मंडळाच्या एका स्मरणिकेत बऱ्याच वर्षांपूर्वी एक गंमत घडली. समारंभाचे तीन दिवस पंगती सांभाळणाऱ्या आचाऱ्यांचे आभार मानणारे वाक्य होते, ते छापून आले 'आचार्यांचे आभार' असे. हस्तलिखित शुद्ध होते, शेवटचे मुद्रितही आम्ही स्वतः तपासले होते. अक्षरजुळणी करणाऱ्याच्या संगणकावरून मजकूर छापखान्याच्या संगणकावर गेला, तेथे त्याच नावाच्या टंकाची निराळी आवृत्ती होती, आणि आमचा मराठमोळा 'ऱ्या' वाटेतच गळून पडला. मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद, संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, अंक हाती घेऊन आले आणि म्हणाले, "आभार पोचले, पण आम्ही तर नुसते जेवलो होतो!"

हसून विषय संपला. मनातून मात्र गेला नाही. चूक ना लिहिणाऱ्याची होती, ना जुळणाऱ्याची, ना छापणाऱ्याची. ती दोन अवजारांच्या मधल्या मोकळ्या जागेत घडली होती, आणि त्या जागेचा धनी कोणीच नव्हता. मग अशी जागा सांधायची कोणी आणि त्याचा खर्च सोसायचा कोणी? या प्रश्नाचा माग काढताना आमच्या ध्यानात आले की लेखन, चित्र, अक्षरजुळणी, चलच्चित्र यांची संगणकीय अवजारे करणाऱ्या कंपन्या गेली चाळीस वर्षे एकमेकींच्या, प्रसंगी प्रतिस्पर्ध्याच्याही, अवजारांशी सांधा जुळावा म्हणून स्वतःच्या खिशातून पैसा घालीत आल्या आहेत. व्यापारी माणूस शेजाऱ्याच्या दुकानाची पायरी का बांधून देतो, याचा हा इतिहास आहे.

प्रथम आपल्या घरचेच एक उदाहरण घेऊ. १८७० मध्ये महाराजा तुकोजीराव होळकर दुसरे यांनी खांडव्याहून इंदूरपर्यंत लोहमार्ग व्हावा म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, तेही १०१ वर्षांच्या मुदतीने व साडेचार टक्के व्याजाने. रेल्वे दुसऱ्याची, कारभार दुसऱ्याचा. तरी पैसा होळकरांचा. कारण स्पष्ट होते. मुंबईहून येणारी मुख्य वाट खांडव्यावरून पुढे निघून जात होती. तिला फाटा जोडला गेला नसता तर माळव्याची अफू, कापूस आणि धान्य बैलगाडीच्याच भरवशावर राहिले असते. मात्र हा फाटा मीटर मापाचा झाला, मुख्य मार्ग रुंद मापाचा. त्यामुळे खांडव्यास प्रत्येक पोते एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावे लागे. बडोद्याच्या गायकवाडांची डभोईकडील गाडी अडीच फुटी, ग्वाल्हेरच्या शिंद्यांची दोन फुटी. प्रत्येक संस्थानाचा रूळ वेगळा, आणि प्रत्येक सांध्यावर हमालांची फौज. सांधा जोडण्यास पैसा देणे आणि रुळांची रुंदी एक ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढील सारी कथा या दोहोंभोवती फिरते.

आता अमेरिकेत जाऊ. १९८२ च्या डिसेंबरात जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की या दोघांनी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून बाहेर पडून अडोबी ही कंपनी काढली. त्यांच्यापाशी पोस्टस्क्रिप्ट नावाची एक भाषा होती. पानावर कोणते अक्षर कोठे, किती आकाराचे, कोणती रेषा कशी, हे सारे त्या भाषेत लिहून मुद्रणयंत्रास सांगता येई. यंत्र लहान असो वा मोठे, पान तेच उमटे. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांना ही भाषा हवी होती. त्यांनी आधी सबंध कंपनीच मागितली. मालकांनी ती दिली नाही. तेव्हा ॲपलने सुमारे एक-पंचमांश भाग विकत घेतला आणि पाच वर्षांचे परवाना शुल्क आगाऊ मोजले. त्या पैशावर अडोबी उभी राहिली आणि १९८५ मध्ये ॲपलचे लेझररायटर हे मुद्रणयंत्र बाजारात आले. किंमत ६,९९५ डॉलर. त्याच वर्षी सिॲटलच्या आल्डस कंपनीने पान मांडण्याची पेजमेकर ही प्रणाली आणली. कंपनीचे नाव व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियस या थोर मुद्रकावरून घेतलेले होते.

तिघांपैकी कोणा एकाच्या मालाने हे काम साधले नसते. ॲपलच्या संगणकाचा खप तेव्हा अपेक्षेइतका नव्हता. तो का घ्यावा याचे सबळ कारण पेजमेकरने दिले. पेजमेकरवर मांडलेले पान हुबेहूब उतरविण्याचे काम पोस्टस्क्रिप्टने केले, आणि पोस्टस्क्रिप्टला गिऱ्हाईक मिळवून दिले ते लेझररायटरने. खिळे जुळविणाऱ्यांच्या धंद्याला उतरती कळा लागली आणि टेबलावरच्या यंत्रातून पुस्तके निघू लागली. पुढे आपल्याकडे गल्लोगल्ली 'डीटीपी'च्या पाट्या लागल्या, त्यांचे मूळ या सोयरिकीत आहे. येथे पहिले कारण हाती लागते. आपली वस्तू ज्या दुसऱ्या वस्तूवाचून अपुरी, ती दुसरी वस्तू चांगली आणि सहज मिळणारी असावी यातच आपला लाभ असतो. तेल विकणाऱ्याने वातीवर खर्च करावा तसे हे आहे.

परंतु सोयरीक म्हटली की मानपान आला, रुसवे-फुगवेही आले. पोस्टस्क्रिप्टमधील उत्तम टंकांची किल्ली अडोबीने आपल्याच कमरेला ठेवली होती आणि त्यासाठी शुल्क घेतले जाई. ॲपलला ते डाचू लागले. १९८९ मध्ये ॲपलने अडोबीमधील आपला भाग विकून टाकला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात, एरवी हाडवैरी असलेल्या मायक्रोसॉफ्टशी हात मिळवून, ट्रूटाईप नावाच्या नव्या टंकपद्धतीची घोषणा केली. ज्या परिषदेत ही घोषणा झाली तेथे वॉर्नॉक भावनाविवश झाले होते. पण कंपनी शहाणी निघाली. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, तिने आपल्या टाईप १ पद्धतीचे गुपित सर्वांस खुले केले. झाकून ठेवलेली किल्ली निरुपयोगी ठरण्यापूर्वीच वाटून टाकावी, हा धडा तिने घेतला.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रसंग त्यानंतरचा. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्ट व अडोबी या दोघींनी भांडण मिटवून ओपनटाईप ही संयुक्त टंकपद्धती जाहीर केली. रोमन लिपीत एक खूण म्हणजे बहुधा एक आकृती. देवनागरीत तसे नाही. जोडाक्षर होते, रफार वर चढतो, ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागून येते आणि लिहिताना पुढे बसते. हे सारे नियम टंकाच्या पोटातच लिहून ठेवण्याची सोय ओपनटाईपमध्ये झाली. त्याआधी १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली होती आणि तिच्यात देवनागरीची मांडणी भारतीय मानक इस्कीच्या आधारे झाली होती. युनिकोडचा संसार चालविणारी संस्थाही अशाच स्पर्धक कंपन्यांच्या वर्गणीवर उभी आहे. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा देवनागरी टंक मराठी कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडविलेला होता. आपला 'ऱ' युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळवून बसला आहे. आचारी आणि आचार्य यांची गल्लत करणारे ते जुने वळण बुजविण्याची सोय अशी परक्यांच्या तहनाम्यांतून झाली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

१९९७ चा प्रसंग वृत्तपत्रांतून पुष्कळांनी वाचला असेल. ॲपल तेव्हा मोडकळीस आली होती. ६ ऑगस्ट रोजी बोस्टन येथील सभेत जॉब्स यांनी जाहीर केले की मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवीत असून पुढील पाच वर्षे आपला ऑफिस हा प्रणालीसंच ॲपलच्या संगणकांसाठी करीत राहील. पडद्यावर बिल गेट्स दिसताच श्रोत्यांनी हुर्यो उडविली. पण गेट्स यांनी हा दानधर्म केला नव्हता. दोन्ही कंपन्यांतील पेटंटांचे जुने तंटे या कराराने मिटले, मायक्रोसॉफ्टचा न्याहाळक ॲपलच्या संगणकांवर प्रथम पसंतीचा ठरला, ऑफिसची गिऱ्हाइके टिकली. आणि मक्तेदारीचा आरोप होत असताना एक प्रतिस्पर्धी जिवंत असणे सोयीचेच होते. तो खटला १९९८ मध्ये दाखल झालाच. शेजारी पार बुडाला तर बाजारच ओसाड पडतो, आणि सरकारी नजर उरलेल्या एकट्या दुकानावर रोखली जाते. हे झाले दुसरे कारण.

अलीकडच्या काळातील सर्वांत बोलके उदाहरण ब्लेंडरचे. त्रिमिती चित्रे व चलच्चित्रे घडविण्याची ही प्रणाली नेदरलँड्सच्या टॉन रूझेंडाल यांची. त्यांची कंपनी बुडाली, तेव्हा २००२ मध्ये त्यांनी लोकवर्गणीचे आवाहन केले. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले, घेणेकऱ्यांकडून प्रणालीचे हक्क सोडविले गेले, आणि ती कोणीही विनामूल्य वापरावी, तपासावी, सुधारावी अशा अटीवर खुली झाली. कित्येक वर्षे मोठ्या कंपन्यांनी तिच्याकडे हौशी मंडळींचा खेळ म्हणून पाहिले. मग वारे फिरले. २०१९ मध्ये एपिक गेम्सने तिला तीन वर्षांत मिळून १२ लाख डॉलर देण्याचे ठरविले. एनव्हिडिया, एएमडी, मायक्रोसॉफ्ट पुढे आल्या. २०२१ मध्ये अडोबी आणि ॲपलही वर्गणीदार झाल्या. फुकटात मिळणाऱ्या वस्तूस इतकी वर्गणी का?

कारणे प्रत्येकीची निराळी, पण हिशेब एकच. एपिकचे एक उत्पन्न खेळ घडविण्याच्या अनरिअल या इंजिनावरून. त्यावर बनलेल्या खेळाची विक्री ठराविक मर्यादेपुढे गेली की एपिकला वाटा मिळतो. खेळातील माणसे, घरे, झाडे घडवायची कोठे? तरुण चित्रकार ती ब्लेंडरमध्ये घडवू लागले होते. तेथून अनरिअलमध्ये येण्याची वाट जितकी गुळगुळीत तितके एपिकचे गिऱ्हाईक अधिक. म्हणून २०२० मध्ये तिने अशी ने-आण करणारी जोड-प्रणालीही स्वखर्चाने करून विनामूल्य दिली. अडोबीस आपली पोत चढविण्याची अवजारे ब्लेंडरवाल्यांना विकायची होती. एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल या चकत्या करणाऱ्या कंपन्या. ब्लेंडर आपल्याच चकतीवर वेगाने चालले नाही तर कलावंत दुसरीची चकती घेईल, म्हणून प्रत्येकीने आपापले अभियंते लावून आपला सांधा जोडून दिला. ॲपलने केवळ पैसा दिला नाही. तिच्या अभियंत्यांनी लिहिलेला भाग २०२२ च्या मार्चमधील आवृत्तीत समाविष्ट झाला. अशा रीतीने एकमेकींच्या वैरिणींच्या वर्गणीवर एक सामाईक विहीर बांधली गेली. लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांचा 'फ्लो' हा चित्रपट याच विहिरीच्या पाण्यावर वाढला आणि २०२५ मध्ये त्याने सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळविले. छोट्या देशातल्या छोट्या चमूला जे जमले, त्यात त्या वर्गणीचाही वाटा आहे.

येथे तिसरे कारण दिसते आणि ते आम्हांस सर्वांत मूलभूत वाटते. कलेचे काम आता एका अवजारात पुरे होत नाही. एका चित्रपटाचे दृश्य दहा प्रणालींतून फिरते. प्रत्येक कंपनीने उरलेल्या नऊ जणींशी स्वतंत्र तह करायचा म्हटले तर एकूण पंचेचाळीस सांधे होतात. सर्वांनी मिळून एकच मापाचा रूळ ठरविला तर दहा पुरतात. म्हणूनच पिक्सार या चित्रसंस्थेने आपली यूएसडी ही दृश्यवर्णनाची पद्धती २०१६ मध्ये खुली केली, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये पिक्सार, अडोबी, ॲपल, ऑटोडेस्क व एनव्हिडिया यांनी तिच्या प्रमाणीकरणासाठी संयुक्त मंडळ स्थापिले. खांडव्याची हमाली संपविण्याचाच हा प्रयत्न होय. अर्थात जो रुळाची रुंदी ठरविताना बैठकीत हजर असतो, त्याचे डबे त्या रुळावर आधी धावतात. वर्गणीमागे हाही हेतू असतो, हे विसरू नये.

शेजाऱ्याशी सांधा जोडण्याऐवजी शेजारीच विकत घ्यावा, हा दुसरा मार्ग आहेच. अडोबीने १९९४ मध्ये आल्डसला आणि २००५ मध्ये मॅक्रोमीडियाला असेच पोटात घेतले. पण २०२२ मध्ये तिने फिग्मा ही आरेखनाची कंपनी दोन हजार कोटी डॉलरना घेऊ पाहिली, तेव्हा ब्रिटन व युरोपच्या नियामकांनी हरकती घेतल्या. २०२३ च्या डिसेंबरात तो बेत सोडावा लागला आणि शंभर कोटी डॉलर भरपाई मोजावी लागली. गिळण्याची वाट अरुंद झाली की सोयरिकीची वाट आपोआप रुंद होते.

एवढे असले तरी या सोयरिकींवर डोळे मिटून विसंबणे धोक्याचे आहे. अडोबीने मॅक्रोमीडियाबरोबर घेतलेले फ्लॅश एके काळी जवळपास प्रत्येक संगणकावर होते. २०१० मध्ये जॉब्स यांनी जाहीर पत्र लिहून आपल्या फोनवर त्यास मज्जाव केला आणि २०२० च्या अखेरीस अडोबीने त्याचा आधार काढून घेतला. त्यात घडविलेले असंख्य खेळ व चित्रे एका रात्रीत मुकी झाली. सॉफ्टइमेज ही त्रिमितीची नामांकित प्रणाली ऑटोडेस्कने २००८ मध्ये विकत घेतली आणि २०१४ मध्ये तिचा विकास थांबविल्याचे जाहीर केले. कंपनी पूल बांधते ती स्वतःच्या लाभासाठी. लाभ आटला की डागडुजी थांबते, आणि पलीकडच्या तीरावर जे राहिले ते राहिले.

आता आमच्या मूळ चिंतेकडे येतो. राज्य शासनाच्या महसूल खात्यात आमची हयात गेली. अभिलेख-कक्षात मोडीतील रुमाल आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. परंतु वाचणारा नाही, म्हणून दप्तर असूनही नसल्यासारखे. आमच्या मंडळाच्या जुन्या अंकांची स्थिती याहून वेगळी नाही. ते पेजमेकरमध्ये, त्या काळच्या टंकांत जुळविलेले आहेत. त्या टंकांत प्रत्येक निर्मात्याने अक्षरे आपापल्या मर्जीने रोमन अक्षरांच्या खणांत कोंबली होती. टंक नसेल तर 'ज्ञानेश्वर' लिहिलेल्या जागी नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मधील. २००४ मध्ये त्याचा विकास थांबला. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाईनमध्ये २०१२ ची आवृत्ती येईपर्यंत पेजमेकरची पाने उघडत असत. भारतीय लिप्यांची नीट सोय त्याच आवृत्तीत झाली, आणि जुनी पाने उघडण्याची सोय त्यानंतरच्या आवृत्त्यांतून गेली. टाईप १ पद्धतीच्या टंकांचा आधारही अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला. म्हणजे एक दार उघडत असतानाच दुसरे मिटत होते, आणि आम्ही दोन्हींकडे पाठ करून दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करीत होतो.

या कामी कोणतीही मोठी कंपनी पैसा घालणार नाही, हे वरील इतिहासावरून उघड आहे. एका परप्रांतीय मराठी मंडळाच्या चार कपाटे अंकांत तिचा कसला लाभ? येथे शेजाऱ्याची पायरी नव्हे, तर स्वतःच्याच घराचा जिना बांधायचा आहे. आमची सूचना साधी आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, गोवा, जेथे जेथे आपली मंडळे आहेत, तेथे जुन्या तबकड्या व संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यांतील पाने आणि ज्या टंकांत ती जुळली ते टंक एकत्र जतन करावेत. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या परिवर्तक-प्रणाली आज उपलब्ध आहेत. त्या चालविण्यास एखादा होतकरू नातू पुरेल, परंतु परिवर्तित मजकूर छापील अंकाशी ताडून पाहण्यास आपल्यासारखी निवृत्त माणसेच हवीत. विशेषतः 'ऱ्य' आणि 'र्य' यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. एका मंडळास हा खर्च जड वाटेल. पाच-सहांनी वर्गणी काढल्यास वाटणार नाही. वैरी कंपन्यांना जे समजले ते सख्ख्या मंडळांना समजू नये, असे थोडेच आहे?

आम्ही आमच्यापुरती सुरुवात केली आहे. पहिला अंक निवडला तो तीच स्मरणिका. युनिकोडमध्ये आणल्यावर आभाराचे ते पान आम्ही दोनदा वाचले, दुरुस्त केले आणि त्या तीन दिवसांच्या पंगती ज्यांनी सांभाळल्या त्यांचे श्रेय त्यांच्या पदरी घातले. आमचे प्राध्यापक आता हयात नाहीत. असते तर या दुरुस्तीस त्यांनी खचितच संमती दिली असती.